पाच गोळ्या तोडून दे

दुकानाच्या काउंटरवर उजव्या हाताला एक छोटी कात्री असते. 26 वर्षांत तीन-चार बदलल्या असतील. गोळ्यांचं पाकीट कापताना एक काळजी घ्यावी लागते. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या कडेला छापलेली असते ती कड शेवटपर्यंत दुकानात राहिली पाहिजे, म्हणजे उरलेला तुकडा कशाचा आणि कधीपर्यंतचा ते कळतं. तापाच्या, पित्ताच्या गोळ्या माणसं अशाच दोन-चार नेतात. त्यात फार बिघडत नाही. पण साताऱ्यातल्या आमच्या गोडोलीत बीपीची गोळीही पाच-पाच करून जाते.

समोरचे काका तशा नेणाऱ्यांपैकी. "सूनबाई, पाच दे तोडून." पेन्शन होती, दोन्ही मुलं मार्गी लागलेली, पैशाची अडचण अजिबात नव्हती. एकदा मी म्हटलं, काका, अख्खं पाकीट न्या ना, रोज घ्यायचीच आहे. तर म्हणाले, "अख्खं पाकीट घरात आलं की मी पेशंट झालो की गं." त्यांच्या त्या वाक्यावर मी तेव्हा हसले होते. पाच गोळ्या संपल्या की आठ-दहा दिवस ते फिरकायचे नाहीत. डोकं जड वाटलं की पुन्हा यायचे. त्यांच्या पाकिटाचा उरलेला अर्धा तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा. तो दिसला की काका आले नाहीत हे मला कळायचं. कळायचं आणि मी ड्रॉवर बंद करायचे.

मार्गशीर्षातली थंडीची सकाळ होती. पावणेसहा वाजले असतील. काकूंची हाक आली ती नेहमीची नव्हती. मी तशीच धावले. काका मधल्या खोलीत, मोरीच्या उंबऱ्याशी आडवे पडलेले. तोंड थोडं उघडं, आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. एक घरघर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. आजूबाजूची सात-आठ माणसं दोन मिनिटांत जमली. कुणी तळपाय चोळायला लागलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. "श्वास चाललाय, श्वास चाललाय," असं एकजण सारखं म्हणत होता आणि त्या शब्दाने सगळ्यांना धीर येत होता. मलाही आला. मी दुकान उघडून छातीत दुखल्यावर देतात ती सॉर्बिट्रेटची गोळी आणली आणि त्यांच्या जिभेखाली ठेवली. डी. फार्म झालेली बाई मी. माझ्याकडून सगळ्यांची अपेक्षा होती आणि मी गोळी ठेवली.

108 ची गाडी कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत आली, पण बोळात शिरेना. आमच्याच मोटारी दोन्ही बाजूंना लावलेल्या होत्या. किल्ल्या शोधून, माणसं उठवून, गाड्या मागे घेईपर्यंत जो वेळ गेला त्याला मी दुसऱ्या कुणाला बोल लावू शकत नाही. सिव्हिलला पोहोचल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि काकूंना बाकावर बसवायला सांगितलं.

ती घरघर म्हणजे श्वास नव्हता. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर कित्येक रात्री झोप लागली नाही. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत अनेकांचा मेंदू असे तुटक आचके देववतो. पाहणाऱ्याला वाटतं माणूस घोरतोय, श्वास घेतोय. खरं तर छाती दाबायला सुरुवात करण्याची ती वेळ असते. रक्तच फिरत नसेल तर जिभेखालची गोळी कुठे जाणार? तळपायाला, कांद्याला, माझ्या गोळीला मिळून जी मिनिटं गेली, त्यात तिथल्या कुणीही दोन हात त्यांच्या छातीवर ठेवायला हवे होते. तिथे सोळा हात होते.

आपण सगळ्यालाच अटॅक म्हणतो. पण अटॅक म्हणजे हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गाठ अडकणं. त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घाम येतो, छातीत दाटतं, हात दुखतो, आणि दवाखान्यात पोहोचायला थोडा तरी वेळ हातात असतो. हृदय अचानक थांबणं ही वेगळी गोष्ट. अटॅकमधून ती उद्भवू शकते, इतर कारणांनीही उद्भवते. अनेकदा अशा वेळी हृदय पूर्ण निपचित नसतं. त्याच्या विजेचा ताल बिघडतो आणि ते आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं. विजेचा एक नेमका झटका ती थरथर थांबवतो, मग हृदयाला आपला ताल पुन्हा धरण्याची संधी मिळते. झटका नाही आणि छाती दाबणंही नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घट बरीच मंदावते. काकांना नेमकं काय झालं ते कळलं नाही. त्या पाच-पाच गोळ्यांमुळेच ते गेले असं मी म्हणू शकत नाही. पण त्या संध्याकाळी ड्रॉवर उघडला तेव्हा उरलेला तुकडा तिथेच होता.

पुढच्या गणपतीनंतर मंडळाची बैठक झाली. डॉल्बीचा खर्च टाळल्यामुळे बऱ्यापैकी शिल्लक राहिली होती. पोरांनी एक प्रस्ताव आणला. त्यातला एकजण पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर एईडी नावाचं मशीन टांगलेलं असतं. कोणीही वापरू शकेल असं. दोन चिकट पॅड उघड्या छातीवर लावायचे, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, एक डाव्या काखेच्या खाली. मशीन स्वतः ताल तपासतं, झटक्याची गरज आहे का ते ठरवतं आणि बोलून पुढचं सांगतं. गरज नसेल तर बटण दाबलं तरी झटका देत नाही. पोरांनी कोटेशनही आणलं होतं, लाखाच्या पुढचं. काकांच्या नावाने समाजमंदिरात बसवू म्हणाले. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. ती सकाळ त्यांनीही पाहिली होती.

ज्येष्ठ मंडळींना ते पटलं नाही. "मशीन कशाला? रोज अजिंक्यताऱ्यावर चढा. आमचं बघा." बैठक अशी मधोमध दुभंगली आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेडिकलवाल्या ताई काय म्हणतात?

त्या रात्री मला नीट बोलता आलं नाही. पुढचे काही महिने मिळेल ते वाचत राहिले. आता काय वाटतं ते इथे लिहिते.

मशीनबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी 1965 मध्ये रुग्णवाहिकेतून नेण्याजोगं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन 70 किलो होतं. दवाखान्यातून झटका रस्त्यावर आणायचा हा केवढा मोठा विचार! आज तेच काम जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं मशीन करतं. अमेरिकेतल्या कसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना ते वापरायला शिकवलं, त्याचा अभ्यास 2000 साली छापून आला. समोर कोसळलेल्या ज्या माणसांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांतली 74 टक्के वाचली. हा आकडा वाचून मी पोरांच्या बाजूला झाले होते.

मग लक्षात आलं की कसिनोत प्रत्येक माणसावर दिवसरात्र कॅमेरा असतो आणि रक्षक हाकेच्या अंतरावर उभा असतो. काका पडले तेव्हा काकू पुढच्या अंगणात सडा घालत होत्या. हृदय थांबण्याच्या बहुतेक घटना घरातच घडतात, मोरीत, अंथरुणात, देवघरापुढे. मग मशीन घरातच ठेवलं तर? तेही करून पाहिलंय. आधी अटॅक येऊन गेलेल्या 7001 लोकांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या घरी मशीन दिलं, निम्म्यांच्या घरच्यांना फक्त सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, शिकवलं. दोन्हीकडच्या मृत्यूंत फरक पडला नाही. घरात हृदय थांबलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कोसळताना कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते? खजिनदारांकडे. ते कऱ्हाडला मुलीकडे गेले की कुणाकडे, ते त्यांनाच माहीत. पहाटे पावणेसहाला कुलूप लावलेल्या मशीनचा काय उपयोग? शिवाय ज्या बाईचं आयुष्य मुदतीच्या तारखा बघण्यात गेलं तिच्या डोक्यात हे आधी येतं, की पॅडवरचं जेल वाळतं, पॅडला मुदत असते, बॅटरीलाही असते. उद्घाटनाला पन्नास माणसं येतील. दोन वर्षांनी पॅड बदलायला कोण येणार?

आणखी एक प्रश्न मी विचारला तेव्हा बैठक गप्प झाली होती. बाई पडली तर? पदर बाजूला करून, ब्लाउज कापून छातीवर पॅड लावायला कॉलनीतला कोणता पुरुष पुढे होईल, आणि झाला तर त्याला कोण काय म्हणेल? अमेरिकेतसुद्धा सार्वजनिक जागी कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतं असं दिसून आलंय. इथे तर आम्ही बायकाच शिकलो नाही तर आम्हाला कोण वाचवणार?

म्हणून मशीन नको असं मी म्हणत नाही. एसटी स्टँडवर, शाहू स्टेडियमवर, जिथे गर्दी आहे आणि सतत कुणीतरी जागं आहे तिथे ते असायलाच हवं. हिल मॅरेथॉनच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात हजारो लोक धावतात, तिथे तर एकापेक्षा जास्त हवीत.

आता किल्ल्यावर चढणाऱ्यांविषयी. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी 1953 साली मांडली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. चालण्याने हृदय राखलं जातं हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलंय. अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरणारी आमची मंडळी सकाळी सातला माझ्या दुकानासमोरून जातात. मंगळाईचं दर्शन झालेलं असतं, चेहऱ्यावर तजेला असतो. मला ते बघायला खरोखर आवडतं. मग कोपऱ्यावर थांबून त्यांतले निम्मे डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळतात. आणि त्यांतल्या तिघांचं बीपी मी मोजलंय, 160 च्या वर. "रोज किल्ला चढतो, मला कसला बीपी?" हे त्यांचं उत्तर. किल्ला चढल्याने माणूस ठणठणीत दिसतो, आणि बीपी तर दिसत नाही, दुखत नाही.

52 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 2004 साली, असं निघालं की पहिल्या अटॅकच्या जोखमीचा जवळपास 90 टक्के भाग नऊ गोष्टींत येतो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं कमी खाणं, हालचाल कमी असणं, दारू. आपल्या भागातल्या देशांत पहिला अटॅक येण्याचं मधलं वय 53 निघालं, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. काका 61 चे होते.

बायकांच्या मिश्रीबद्दल तर कुणी बोलतच नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, सकाळी दाताला लावायची. पोट साफ होतं म्हणतात. मी कितीतरी बायकांना गोळ्या देताना बोटावरचा तो काळा डाग बघते. ती तंबाखूच आहे हे त्यांना कुणी मायेने सांगितलेलं नाही, रागावून मात्र पुष्कळांनी सांगितलंय.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगते. चौघांचं घर धरलं तर महिन्याला 600 ग्रॅम. मी आमच्या गल्लीतल्या बायकांना सहज विचारलं, किलोची पिशवी किती दिवस जाते? कुणी वीस दिवस म्हणालं, कुणी महिना. महिनाभर पुरली तरी माणशी 8 ग्रॅमच्या वर होतात, आणि त्यात विकतचा पाव, फरसाण, पापड धरलेलेच नाहीत. हा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला तेव्हा एकजण म्हणाली, "आगं बाई, म्हणजे पिशवी पन्नास दिवस पुरवायची की!" तिला माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा ते वाक्य उपयोगी पडलं. तिने आता पिशवीवर पेनाने तारीख घालायला सुरुवात केलीय.

फिनलंडमध्ये उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. लाकूडतोडे, दूध-लोण्याचा प्रदेश. तिथले पुरुष ऐन कामाच्या वयात हृदयविकाराने इतके मरत होते की 1971 साली लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, काहीतरी करा. 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या हाताखाली काम सुरू झालं. गावोगावच्या महिला संघटनांनी जेवणावळी घालून कमी लोण्याचा, जास्त भाज्यांचा स्वयंपाक शिकवला. बीपी असणाऱ्यांची यादी झाली, त्यांच्या मागे लागून औषध चालू ठेवलं गेलं. पुढच्या काही दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. हे वाचताना मला आमचं हळदी-कुंकू आठवत होतं. संक्रांतीला प्लास्टिकचे डबे वाण म्हणून देतो, त्या जमलेल्या साठ बायकांचं बीपी कधी मोजलं नाही.

हे आपल्याकडे होत नाही असंही नाही. 2017 च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. सरकारी दवाखान्यात महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, आणि पुढच्या महिन्यात न आलेल्या माणसाचा शोध घ्यायचा. पाच-पाच गोळ्यांवर याहून नेमका उपाय मी ऐकलेला नाही. माणसाचं वरचं बीपी 10 ने उतरवलं तर हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. पण ज्याला झटका आला नाही त्याला आपल्याला तो येणार होता हे कधीच कळत नाही. त्याचा फोटो पेपरात येत नाही, मंडळाला त्याचा सत्कार करता येत नाही. म्हणून माणसं मशीनसाठी वर्गणी देतात आणि गोळीसाठी देत नाहीत. यात मला कुणाचा राग येत नाही. काकांसाठी माझ्याकडूनही धावपळ झाली ती ते पडल्यावरच.

दुसऱ्या बैठकीत मी एवढंच मागितलं: यंदाच्या पैशातून आधी शिकवणी लावा, बीपीची दोन चांगली यंत्रं घ्या, आणि मशीनचे पैसे पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. तेही समाजमंदिरात नको. दूध डेअरीच्या भिंतीवर, कुलूप नसलेल्या पेटीत. डेअरी पहाटे चारला उघडते. पोरं थोडी हिरमुसली. डेन्मार्कचं उदाहरण दिलं मी त्यांना. तिथे दहा वर्षांत, 2001 ते 2010, लोकांना शिकवत गेले. कोसळलेल्या माणसाला बघ्यांनी सीपीआर देण्याचं प्रमाण 21 टक्क्यांवरून 45 टक्क्यांपर्यंत गेलं, आणि महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 3.5 वरून 10.8 टक्क्यांवर गेलं. सुधारणेला इतरही कारणं होती, पण हात पुढे आले हे त्यातलं मोठं.

शिकवणीला दवाखान्यातला एक ब्रदर रबरी पुतळा घेऊन आला. पुतळ्याची छाती पुरेशी दाबली की आतून टक असा आवाज येतो. किमान 5 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पोरांना वाटलं होतं सोपं आहे. दोन मिनिटांत सगळ्यांचे दंड भरून आले. म्हणूनच दोघांनी आळीपाळीने करायचं असतं. ब्रदरने घरघरीचा आवाज काढून दाखवला आणि विचारलं, हा श्वास आहे का? खोलीत कुणी बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी तो आवाज ओळखला होता.

काकू मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना यायचा आग्रह कुणी केला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, गुडघ्यांवर बसायला त्रास होतो म्हणून एक हात माझ्या खांद्यावर टेकवत पुतळ्याशेजारी बसल्या. डावा तळवा पुतळ्याच्या छातीच्या मधोमध, त्यावर उजवा. कोपरं सरळ. पहिल्या दहा वेळा टक आलंच नाही. ब्रदर म्हणाला, "काकू, जरा जोर लावा, मोडायची भीती बाळगू नका." मग त्यांनी सगळं अंग खांद्यांवर घेतलं आणि आवाज यायला लागला. टक, टक, टक. त्या मोठ्याने मोजत होत्या. तीसच्या पुढे गेल्या, ब्रदरने थांबा म्हटलं तरी थांबल्या नाहीत. बांगड्या वाजत होत्या. आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही. नव्वदच्या आसपास त्या आपणहून थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही माझ्याकडे उत्तर नाही.

आता काउंटरवर कात्रीशेजारी एक वही असते. बीपीची गोळी नेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, किती नेल्या, कधी संपतील. अजून कुणी पाच मागितल्या तर मी देते, नाही म्हटलं तर तो माणूस शून्य गोळ्या घेऊन जाईल. पण संपायची तारीख लिहून ठेवते आणि त्या तारखेला फोन करते. सुरुवातीला दोघा-तिघांना वाटलं मी धंदा वाढवतेय. त्यांना सिव्हिलचा रस्ता दाखवला, तिथे फुकट मिळतात. वहीत नाव मात्र ठेवलं.

आज चार जणांच्या गोळ्या संपून आठवडा झालाय. तिघांना फोन केला. एकजण संध्याकाळी येतो म्हणाले, एकजण गावाला आहेत, एकीने सांगितलं की तिला आता बरं वाटतंय म्हणून बंद केल्या. तिला उद्या सकाळी बीपी मोजायला बोलावलंय. चौथे फोन उचलत नाहीत. दुकान जरा लवकर बंद करून त्यांच्या घरावरून जाणार आहे.